पाळण्याचा अंतिम वापरकर्ता

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत निर्यात कम्प्लायन्स नावाचं एक खातं होतं. खात्यात एक टेबल, दोन कपाटं आणि एक गृहस्थ. परदेशी जाणारा प्रत्येक पंप या गृहस्थांच्या टेबलावरून पुढे सरकायचा. सरकायचा असं कंपनीचं म्हणणं. विक्री विभागाच्या मते अडकायचा. कुठला माल कुठल्या देशात चालतो, कुणाला काय विकायचं नाही, कशाला परवाना लागतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. शंका आली की ते फायलीवर लाल शाईनं एकच शब्द लिहीत, 'थांबा'. त्यामुळे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे थांबासाहेब म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

दरवर्षी विक्रीची मोठी बैठक भरे आणि तीत थांबासाहेबांचं एक भाषण असे. विषय, 'आंतरराष्ट्रीय व्यापारात कम्प्लायन्सचं व्यूहात्मक स्थान'. पडद्यावर दाखवायची पानं चव्वेचाळीस. हे भाषण नेमकं जेवणानंतर ठेवलेलं असायचं आणि नऊ वर्षांत ते सहाव्या पानापुढे कधी गेलं नव्हतं. सहाव्या पानावर लिहिलेलं होतं, 'कम्प्लायन्स म्हणजे अडथळा नव्हे. कम्प्लायन्स म्हणजे वेग.' यंदा ते पान पडद्यावर आलं तेव्हा विक्रीप्रमुखांनी जागेवरूनच हात वर केला.

"साहेब, तुमच्या हातून वेगानं गेलेली एक वस्तू सांगा. एकच सांगा."

सभागृहात जी खसखस पिकली ती थांबासाहेबांना फार लागली. माणसाच्या हुशारीला हसलं तर तो विसरतो, खात्याला हसलं तर विसरत नाही. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पाळणा."

पाळण्याचं असं होतं. थांबासाहेबांची एकुलती एक मुलगी परदेशात होती आणि तिला दिवस गेले होते. दहा आठवडे उरले होते. आई महिनाभर आधी जाणार हे ठरलेलं, पण बाबांनी यावं म्हणून तिनं तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा थांबासाहेबांनी तेच उत्तर दिलं, खातं एकट्याचं आहे, मी आलो तर फायली कुणी बघायच्या. तिसऱ्या वेळी मुलगी म्हणाली, "तुम्ही येत नसाल तर निदान माझा पाळणा तरी पाठवा." ती स्वतः ज्या पाळण्यात झोपली तो पाळणा एकतीस वर्षं माळ्यावर होता. ही गोष्ट दोनच दिवसांपूर्वीची.

आणि आता भर सभेत थांबासाहेबांनी जाहीर केलं, की हा पाळणा एकही कागद कमी न ठेवता, एकही कलम न वगळता परदेशी जाईल, आणि बाळाच्या आधी पोचेल. विक्रीप्रमुखांनी त्याच दिवशी कॅन्टीनच्या फळ्यावर बाळंतपणाची तारीख लिहून तिच्याभोवती चौकट आखली.

पाळणा माळ्यावरून उतरला. दोन खांब, मधे डोलणारी लाकडी पेटी, डोक्याशी टांगलेले दोन लाकडी पक्षी. बायकोनं ओल्या फडक्यानं तो पुसला आणि पुसता पुसता दोनदा डोळेही पुसले. आवाज ऐकून समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर आले. या गृहस्थांनी पस्तीस वर्षं टपालखात्यात काढली होती आणि त्या अनुभवावरून ते कुठलीच वस्तू टपालानं पाठवत नसत. जे काय पाठवायचं ते परदेशी जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या बॅगेतून. एकदा त्यांनी प्रेशर कुकर दोन माणसांबरोबर विभागून पाठवला होता. भांडं पुतणीकडे पोचलं, झाकण मात्र दुसऱ्याच देशात गेलं आणि अजून तिथंच सुखात आहे. पोस्टमास्तरांनी पाळणा चारी बाजूंनी पाहिला. त्यांच्या मते पाच तुकडे होत होते, तेव्हा जाणारी पाच माणसं शोधली की झालं. थांबासाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा न घेता परत गेले. हे पूर्वी कधी घडलं नव्हतं.

पहिला प्रश्न होता, पाळणा म्हणजे काय. तुम्हाआम्हाला हा प्रश्न पडत नाही, म्हणून आपण सुखी असतो. जगातल्या प्रत्येक वस्तूला कस्टम्सच्या पुस्तकात एक आकडा दिलेला असतो आणि तो आकडा चुकला की पुढचं सगळं चुकतं. लाकडी म्हणून पाळणा फर्निचरमध्ये गेला. पण त्याला पक्षी टांगलेले होते. पक्षी म्हणजे खेळणं, आणि खेळणं म्हटलं की ते मुलाच्या घशात अडकणार नाही असा प्रयोगशाळेचा दाखला हवा. थांबासाहेबांचे तीन तास यात गेले. शेवटी बायको स्वयंपाकघरातून आली, तिनं दोन्ही पक्षी सोडवले आणि आपल्या बॅगेत टाकले. "हे प्रवाशाचं स्वतःचं सामान," ती म्हणाली. थांबासाहेबांनी पुस्तक उघडून पाहिलं. नियमात बसत होतं. आपल्या घरात इतकी कायद्याची समज आहे हे त्यांना तेहतीस वर्षांत कळलं नव्हतं.

मग त्यांनी सुट्या भागांची यादी करायला घेतली आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

बत्तीस वर्षांपूर्वी हा पाळणा कुरकुरायचा. मुलगी झोपली की कुरकुर आणि कुरकुर झाली की मुलगी जागी. तेव्हा कारखान्यातल्या फोरमननं दोन्ही खांबांत एकेक बेअरिंग बसवून दिलं होतं. ते बेअरिंग साधंसुधं नव्हतं. आम्लं वाहून नेणाऱ्या रासायनिक पंपातलं, खास धातूचं. त्यानंतर पाळण्यानं कधी हूं की चूं केलं नाही. अशा बेअरिंगांचं नाव मात्र पुढे निर्बंधित मालाच्या यादीत आलं, कारण ती पंपात घालता येतात आणि त्या पंपांतून नको ते रसायनही खेळवता येतं. याला दुहेरी वापराचा माल म्हणतात. यादीतली ही ओळ साऱ्या शहरात एकाच माणसाला पाठ होती, आणि पाळणा नेमका त्याच्याच घरी होता.

बायकोनं सांगितलं, काढून टाका ती. पोस्टमास्तरांनी, रुसवा सोडून, सांगितलं की कोण बघतंय. खुद्द विक्रीप्रमुखांनी कॅन्टीनमध्ये बाजूला घेऊन सुचवलं, साहेब, यादीत नुसतं 'लोखंडी भाग' लिहा. पण बेअरिंग काढलं तर पाळणा कुरकुरणार, आणि न लिहावं तर आपण इतकी वर्षं लाल शाईनं काय लिहीत होतो, हा प्रश्न. थांबासाहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'बेअरिंग, दोन नग, रासायनिक पंपाचं.' सोबत मालाची मागणी म्हणून मुलीकडून लिहून घेतलेलं पत्र जोडलं, आणि ती बेअरिंगं कारखान्याबाहेर आणल्याचा बत्तीस वर्षांपूर्वीचा गेटपासही जोडला. तो त्यांनी जपून ठेवला होता.

परवाना कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर एक बाई बसत. वीस-बावीस वर्षं थांबासाहेबांचे अर्ज त्यांच्याकडे जात आणि त्यांच्या हरकती थांबासाहेबांकडे येत. समोरासमोर गाठ पहिल्यांदाच पडत होती. शेरास सव्वाशेर भेटावा तशी ती भेट झाली. परवानाबाईंनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. हसल्या नाहीत. त्या हसल्या नाहीत म्हणून थांबासाहेबांना इतकं बरं वाटलं, की पुढे झालेल्या त्रासाबद्दल त्यांनी बाईंना कधी दोष दिला नाही.

बाईंनी त्यांना संगणकावरचा फॉर्म भरायला लावला. मालाचा वापर कशासाठी? पर्याय चार, संरक्षण, रसायन, अणुऊर्जा आणि इतर. 'इतर' निवडल्याबरोबर आणखी चौदा प्रश्न उघडले. माल किती वजन वाहून नेऊ शकतो? त्याचा पल्ला किती? एका मिनिटात आंदोलनं किती? आवाज किती? लक्ष्यावर परिणाम व्हायला वेळ किती लागतो?

उत्तरं अंदाजानं द्यायची नाहीत असं थांबासाहेबांचं तत्त्व. त्यांनी घरी पाळणा उभा केला. बाळाइतकं वजन हवं म्हणून कस्टम्सच्या पुस्तकाचे तीन खंड आत ठेवले आणि पुस्तकं थंडीनं खराब होऊ नयेत अशा बेतानं बायकोनं त्यांच्यावर दुपटं घातलं. ती झोके देऊ लागली, हे घड्याळ धरून मोजू लागले. दार उघडं होतं. पोस्टमास्तर आत डोकावले आणि दोघं नवराबायको तीन जाड पुस्तकांना झोपवताहेत हे पाहून दबकत मागे फिरले. त्या दिवशी अख्ख्या इमारतीत थांबासाहेबांच्या तब्येतीची चौकशी झाली.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकांवरून मिळत नव्हतं. तिथं त्यांनी लिहिलं, 'लक्ष्यागणिक वेगवेगळा.' या एका वाक्यामुळे प्रकरण तांत्रिक समितीकडे गेलं.

समिती म्हणजे दोन तज्ज्ञ, एक रसायनांचे आणि एक धातूंचे. दोघं हातात फायली घेऊन घरी आले आणि पाळण्यासमोर खुर्च्या मांडून बसले. धातूंच्या तज्ज्ञांनी भिंग लावून बेअरिंग पाहिलं आणि असं काम हल्ली होत नाही, असं ते अनवधानानं बोलून गेले. रसायनतज्ज्ञ कडक होते. त्यांना प्रत्यक्ष वापर पाहायचा होता. पुस्तकं चालणार नाहीत, असं त्यांनी निक्षून सांगितलं. तेव्हा पोस्टमास्तर घरी गेले आणि आपला चार महिन्यांचा नातू घेऊन आले. नातवाला दात येत नव्हते, पोट दुखत नव्हतं, तरी तो सकाळपासून रडत होता, आणि ते सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

नातू पाळण्यात ठेवला. रसायनतज्ज्ञांनी खात्री करून घेण्यासाठी झोका स्वतः दिला. सातव्या मिनिटाला नातू झोपला. बेअरिंगनं आवाज म्हणून केला नाही. मग अडचण अशी झाली की तपासणी अर्धीच झाली होती आणि बोलायची कुणाची हिंमत नव्हती. समितीनं उरलेले प्रश्न कुजबुजत विचारले, थांबासाहेबांनी कुजबुजत उत्तरं दिली, आणि कलम अकरावर जो वाद झाला तो तर नुसत्या हातवाऱ्यांनी झाला. एवढा वेळ रसायनतज्ज्ञ पाळणा हलवत होते. आपण हलवतो आहोत हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. पाऊण तासानं ते जायला उठले तेव्हा नातवानं एक डोळा उघडला. ते पुन्हा बसले. अहवालात दोघांनी लिहिलं, 'लक्ष्यावर परिणाम सात मिनिटांत. कर्मचाऱ्यांवरही परिणाम आढळला.'

तोवर सहा आठवडे गेले होते. फळ्यावर विक्रीप्रमुख रोज एक दिवस खोडत होते. तरी थांबासाहेब ताठ होते, कारण आता एकच कागद उरला होता, अंतिम वापरकर्त्याचं हमीपत्र.

ज्याच्या हातात माल शेवटी जाणार त्यानं लिहून द्यायचं, की मी हा माल कुठल्याही लष्करी कामासाठी वापरणार नाही, दुसऱ्या कुणाला विकणार नाही. खाली नाव, जन्मतारीख, व्यवसाय आणि सही. थांबासाहेबांनी मुलीचं नाव घातलं. परवानाबाईंनी शांतपणे विचारलं, पाळण्यात तुमची मुलगी झोपणार आहे का? थांबासाहेब खोटं बोलू शकत नव्हते. मग जन्मतारखेच्या जागी त्यांनी डॉक्टरांनी दिलेली तारीख टाकली; संगणकानं पुढची तारीख घेतली नाही. नावापुढे 'लागू नाही' लिहिलं, तर बाई म्हणाल्या, की अंतिम वापरकर्ता लागू नाही म्हणजे माल कुणाकडे जातोय हे तुम्ही लपवताय. हीच हरकत थांबासाहेबांनी स्वतः कित्येक फायलींवर घेतली होती. ती बरोबर होती, हे त्यांना त्याही क्षणी पटलं.

"मग काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"थांबा," बाई म्हणाल्या.

बायकोच्या प्रवासाचा दिवस आला. विमानतळावर थांबासाहेब घुटमळले. सकाळी तिनं पाळण्याच्या खांबापाशी बसून काहीतरी केलेलं त्यांनी पाहिलं होतं. बेअरिंगं पर्समध्ये मावतात. परवान्याविना ती बाहेर गेली तर गुन्हा, आणि तो नेमका बायकोच्या हातून. जिवाचा हिय्या करून ते म्हणाले, "जरा पर्स बघू."

तिनं पर्स उघडून त्यांच्या हातात दिली. आत रुमाल, चष्मा, गोळ्या आणि दोन लाकडी पक्षी होते. बेअरिंग नव्हतं. खांबापाशी बसून तिनं फक्त धूळ झटकली होती.

"तेहतीस वर्षं संसार केला," ती म्हणाली, "पण माझी झडती कधी घेतली नव्हतीत." आणि ती आत गेली. मागे वळून तिनं हात केला नाही. थांबासाहेबांना घरी येताना रस्ता फार लांब वाटला. त्यांना लाज वाटत होती, आणि आपण नियमानंच वागलो या विचारानं ती कमी होत नव्हती.

बाळ बारा दिवस आधी आलं. मुलगी झाली. विक्रीप्रमुखांनी फळ्यावरच्या तारखा पुसून टाकल्या आणि अभिनंदन लिहिलं. ते थांबासाहेबांना टोमण्याहून जास्त झोंबलं. पोस्टमास्तर दारात येऊन म्हणाले, बैल गेला आणि झोपा केला, आणि बोलून झाल्यावर आपण हे बोलायला नको होतं असं त्यांना वाटलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. फोनच्या पडद्यावर नात दिसली. मुलगी म्हणाली, "बाबा, ती सध्या कपड्यांच्या टोपलीत झोपते. छान झोपते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मागून बायकोचा आवाज आला, परवाना मिळाला का म्हणून विचार त्यांना. पडद्यात ती आली नाही.

त्या संध्याकाळी थांबासाहेब सुटा करून ठेवलेल्या पाळण्यासमोर बसले. त्यांनी सहावं पान आठवून पाहिलं. वेग. आपली नात धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत झोपली आहे आणि तिचा पाळणा इथं तीन प्रतींत सुरक्षित आहे. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

पण शेवटी ते थांबासाहेब होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की अंतिम वापरकर्ता आता अस्तित्वात आहे. मुलीकडून जन्माचा दाखला आला. नाव ठेवलेलं होतं, जन्मतारीख मागची होती, संगणकानं ती घेतली. व्यवसाय 'झोप' असा लिहिला. सहीच्या जागी इस्पितळात घेतलेला पावलाचा ठसा. परवानाबाईंनी तो इवलासा ठसा बराच वेळ पाहिला.

"अंगठा चालतो तर पाऊल न चालायला काय झालं," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

परवाना मिळाला. खोक्याच्या लाकडात कीड नको म्हणून धुरी दिली, तसा दाखला घेतला, पाळणा विमानात चढला आणि नवव्या दिवशी पोचलासुद्धा. सगळे कागद इतके चोख होते, की तिकडच्या कस्टम्सनं खोकं उघडलंही नाही. कॅन्टीनमध्ये ही गोष्ट सांगायला थांबासाहेबांना तोंड नव्हतं, म्हणून ती कुणाला कळली नाही.

परवान्याच्या मागच्या बाजूला अटी होत्या. इतरांच्या परवान्यावरच्या अटी ते मागच्या बाजूपासूनच वाचायला सुरुवात करत. स्वतःच्या त्यांनी नंतर वाचल्या. सातवी अट अशी होती, की माल पोचल्यापासून तीस दिवसांत निर्यातदारानं स्वतः त्या जागी जाऊन तो घोषित कामासाठीच वापरला जातोय याची पाहणी करावी आणि अहवाल द्यावा. कसूर झाल्यास निर्यातदाराचं नाव कायमचं काळ्या यादीत.

ते धावत परवाना कार्यालयात गेले. माझी बायको तिथंच आहे, ती पाहणी करेल, असं त्यांनी सुचवलं. निर्यातदार तुम्ही आहात, बाई म्हणाल्या. प्रतिनिधी चालणार नाही. मग त्यांनी खातं एकट्याचं असल्याचं सांगितलं. बाई कागद लावत राहिल्या.

"हे कलम मी बावीस वर्षांत पहिल्यांदाच घातलंय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुमच्या अर्जाला जोडलेली सगळी पत्रं मी वाचते. मुलीचं पत्रही वाचलं. तुम्ही येत नसाल तर निदान पाळणा तरी पाठवा, असं लिहिलंय तिनं."

थांबासाहेबांनी रजेचा अर्ज केला. कारण, परवान्याची अट. संचालकांनी उभ्या उभ्या सही केली. या कंपनीत इतक्या वेगानं गेलेला तो पहिला कागद.

मुलीच्या घरी पोचल्यावर ते आधी पाळण्याकडे गेले. खिडकीपाशी उभा होता, पक्षी जागच्या जागी टांगलेले. आत अंतिम वापरकर्ती मुठी आवळून झोपली होती. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या बॅगेकडे. "आधी बॅग दाखवा," ती म्हणाली. त्यांनी निमूटपणे उघडून दाखवली. वरच पाहणीचा फॉर्म होता. ती हसली, आणि थांबासाहेबांच्या छातीवरचं ओझं उतरलं.

ते पाळण्याशेजारी स्टुलावर बसून फॉर्म भरू लागले. एका हातात पेन, दुसरा हात पाळण्यावर. माल पोचला आहे का? होय. शाबूत आहे का? होय. घोषित कामासाठी वापरात आहे का? इथं पेन थांबलं. पाळणा डोलत राहिला. तासभर गेला असेल. मुलगी मागून येऊन फॉर्मवर वाकली. शेवटच्या ओळीत तिच्या बाबांनी लिहिलं होतं, 'पाहणी अपूर्ण. आणखी तीन आठवडे आवश्यक.'

"बाबा, ती समोर झोपली आहे. यात अपूर्ण काय राहिलं?"

"झोपल्यावर उठते का, ते बघायला हवं," थांबासाहेब कुजबुजले. "आणि उठल्यावर परत झोपते का, तेही."